शरीर आपलं, सुई दुसऱ्याची

कंग्राळी बुद्रुक घ्या नाहीतर कंग्राळी खुर्द, पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतातच. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात, त्यामुळे आपल्या भागात हे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. १६०० मीटर किती मिनिटांत, बीमवर पुलअप्स किती, नऊ फुटी खड्डा ओलांडता येतो का, छाती किती फुगते, हे सगळं या पोरांना तोंडपाठ असतं. एक नियम मात्र पुष्कळांना उशिरा कळतो. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू सैन्याला चालतो. दंडावर महाराज, छातीवर आईचं नाव, मानेवर त्रिशूळ असेल तर वैद्यकीय तपासणीत अडचण ठरलेली. ज्या जमातींमध्ये अंगावर गोंदण्याची परंपरा आहे, त्यांच्यासाठी सवलत आहे. पण ती आपल्याला लागू नाही.

केंद्रीय सशस्त्र दलांचा नियम याहून कडक आहे. तिथे हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू चालतो तो डाव्या हातावरचा, कारण उजवा हात सॅल्यूटचा. उजव्या हाताच्या पाठीवर टॅटू आहे म्हणून नापास झालेल्या एका उमेदवाराचं प्रकरण २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. टॅटू काढून घेऊन पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे उभं राहण्याची मुभा न्यायालयाने त्याला दिली. आता काढून घ्यायचा म्हणजे लेसर. तो एका बैठकीत जात नाही, रंग आणि खोलीप्रमाणे कितीतरी बैठका लागतात, काही रंग तर पुरते जातच नाहीत. काढायचा खर्च गोंदायच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो, आणि भरतीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

हा नियम पहिल्यांदा मांडला, कारण ‘सरकारने आमच्या शरीरात नाक खुपसू नये’ असं म्हणताना आपण विसरतो की सरकार ते आधीपासून खुपसत आलं आहे. ते इथे नोकरी देणारा म्हणून. पण खरा प्रश्न पुढचा आहे. कुणाला नोकरी नको, काही नको, फक्त स्वतःच्या हौसेसाठी जीभ चिरून घ्यायची आहे, पोटाची चरबी उपसून काढायची आहे, उंची तीन इंच वाढवायची आहे. त्यात धोका आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारने अशा गोष्टींवर सरळ बंदी घालावी का?

घरातली मोठी माणसं पटकन ‘घालावी’ म्हणतात. त्यांना एवढंच आठवून द्यावंसं वाटतं की आपल्याच आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण होतं. तुळस, पाळणा, नवऱ्याचं नाव. गोंदणारीण गावात यायची, ओसरीवर बसायची, काजळीच्या रंगात सुया बुडवून टोचायची, आणि त्याच सुया घेऊन पुढच्या घरी जायची. ती सुई कुणी उकळली होती का, हे कुणी विचारलं नाही. कान टोचणं, नाक टोचणं हे तर बाळाला न विचारताच होतं. आणि पैलवान? बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघायला बसलात की मुरलेल्या पैलवानांचे कान बघा. घासून घासून आत रक्त साकळतं, गाठी होतात, कानाचा आकार कायमचा बदलतो. त्याला आपण इजा म्हणत नाही, मान म्हणतो. तेव्हा ‘शरीरात बदल’ या शब्दांनी दचकण्याचं कारण नाही. आपण ते फार पूर्वीपासून करतो, फक्त कुणाचं काय शोभतं याबद्दल आपली मतं पक्की असतात. आवडनिवड आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंदीच्या गप्पांत बहुतेक वेळा पहिली दुसरीचा पोशाख घालून येते.

धोका मात्र खरा आहे.

मे २०२२ मध्ये बंगळूरमध्ये चेतना राज ही कन्नड मालिकांमधली अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. वय २१. त्याआधी जून २०१५ मध्ये तेलुगू चित्रपटांतली आरती अगरवाल अमेरिकेत न्यू जर्सीत गेली; काही आठवड्यांपूर्वी तिने लायपोसक्शन करून घेतलं होतं. लायपोसक्शन म्हटलं की काहींना ते पार्लरमधलं काम वाटतं. प्रत्यक्षात कातडीखाली बरंचसं द्रव सोडून, पोकळ नळी आत फिरवून चरबी ओढून काढतात. भुलीच्या औषधाचं प्रमाण चुकलं, फुप्फुसात पाणी भरलं, चरबीचा कण रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसात अडकला, तर मिनिटांचा खेळ असतो. त्या मिनिटांत शेजारी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

पुरुषांचं दुखणं टक्कल. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत साडेनऊ हजार केसांचं रोपण करून घेतलं आणि दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये चेन्नईत मृत्यू झालेला २२ वर्षांचा मुलगा तर स्वतः वैद्यकीय विद्यार्थी होता. कानपूरमध्ये २०२४-२५ मध्ये केसरोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्या डॉक्टरवर गुन्हा नोंदला गेला ती दंतवैद्य. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच सांगून ठेवलं होतं की केसरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया करायला रीतसर शल्यप्रशिक्षण हवं, आणि यूट्यूबवर बघून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून ते मिळालं असं मानता येणार नाही. देशाच्या वैद्यक आयोगाला हे वाक्य कागदावर लिहावं लागलं, यातच परिस्थिती कळते.

तिसरी गोष्ट मोठ्या शहरातली नाही, अकोल्याची. तिथल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला एकामागून एक मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा सापडला तो गोरं करणाऱ्या क्रीमचा. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि त्यात पारा होता, मर्यादेच्या कितीतरी पट. केरळमध्ये मलप्पुरम भागातही डॉक्टरांना असेच रुग्ण सापडले. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. क्रीम लावणं म्हणजे काही शरीर चिरणं नव्हे, हे मान्य. पण आपल्या घरांत सुरी क्वचित येते आणि क्रीम रोज येते, म्हणून सांगितलं. मजा अशी की इथे बंदी आहेच. आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत मुद्दाम पारा घालायला परवानगी नाही. तरी डबी दुकानात येते, कारण ‘मुलगी जरा सावळी आहे’ हे वाक्य स्थळ बघताना अजून बोललं जातं. टॅटूवर बंदी मागणाऱ्या मंडळींनी हेही ऐकावं.

आता कायद्याकडे येऊ. इथे आपल्या राज्याचं उदाहरण फार बोलकं आहे.

कर्नाटकात २०१७ मध्ये अमानुष अनिष्ट प्रथा आणि काळी जादू यांविरुद्ध कायदा झाला. एका गालातून दुसऱ्या गालापर्यंत सळई आरपार घालणं, जिभेत सळई खुपसणं, अंगात गळ टोचून टांगून घेणं, हे त्या कायद्याने गुन्हा ठरवलं. त्याच कायद्यात, मुलांचे कान-नाक टोचणं आणि जैनांचं केशलोचन यांना मात्र स्पष्ट सूट आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, त्यातही ही सूट आहे. म्हणजे रेघ कुठे ओढायची याचा विचार आपल्याकडे झालेला आहे: जुनं म्हणून सगळं सोडलं नाही, आणि टोचणं म्हणून सगळं धरलंही नाही.

पण ही रेघ देवाच्या नावाने होणाऱ्या गोष्टींसाठी. फॅशनच्या नावाने तेच केलं तर? डिसेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीत टॅटूच्या दुकानात जीभ मधोमध चिरून सापासारखी करून देण्याचं काम चालू होतं. व्हिडिओ पसरले, पोलिसांनी दोघांना अटक केली, महापालिकेने दुकानाला टाळं लावलं. ज्यांच्या जिभा चिरल्या ते स्वतःहून खुर्चीत बसले होते. मग गुन्हा कुणाचा?

आपल्या जुन्या दंड संहितेत कलम ८७ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २५ आहे. त्याचा अर्थ असा: १८ वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल आणि करणाऱ्याचा मृत्यू किंवा ‘गंभीर दुखापत’ करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यताही त्याला ठाऊक नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यानेच दिलेलं उदाहरण आहे तलवारबाजीचं: दोघे करमणूक म्हणून खेळायला तयार झाले, नियमाने खेळताना एकाला लागलं, तर तो गुन्हा नव्हे. आखाड्यातला पैलवान यात आरामात बसतो. साधा टॅटूही बसतो. पण गंभीर दुखापतीच्या व्याख्येत चेहरा किंवा डोकं कायमचं विद्रूप होणं येतं, अवयवाची शक्ती कायमची जाणंही येतं. तिथे संमतीची ढाल तुटते. डॉक्टरला वाचवणारं कलम वेगळं आहे, ते रुग्णाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याचं. भूल देण्याचा अधिकार नसलेला, रक्तस्राव झाला तर काय करायचं हे न शिकलेला टॅटूवाला त्या कलमात शिरू शकेल असं मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद शेवटापर्यंत लढला गेला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका टॅटूवाल्याने गिऱ्हाइकांच्या संमतीने एकाचा कान कापला, एकाचं स्तनाग्र काढलं, एकाची जीभ चिरली. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अशा इजेला संमती हा बचाव होऊ शकत नाही. २०१९ मध्ये त्याला तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. न्यायालयाचं म्हणणं असं की टॅटू आणि टोचणं समाजाने स्वीकारलेलं आहे, पण हे काम म्हणजे वैद्यकीय कारणाशिवाय, वैद्यकीय शिक्षणाशिवाय केलेली शस्त्रक्रिया आहे.

मला इथेच खरी रेघ दिसते. शरीर ज्याचं त्याचं, हे खरं. पण सुई दुसऱ्याच्या हातात असते आणि तो त्याचे पैसे घेतो. बंदी घालायचीच तर ती खुर्चीत बसणाऱ्यावर नको, चुकीच्या हातात असलेल्या सुईवर हवी.

तंत्रावर बंदी घालता येत नाही, हेही लक्षात घ्या. दुभंगलेला ओठ जोडणारी, भाजलेल्या चेहऱ्याला कातडी लावणारी आणि नाक टोकदार करून देणारी प्लास्टिक सर्जरी एकच. हाड कापून, रोज साधारण एक मिलिमीटर अंतर वाढवत नेऊन पाय लांब करण्याची रीत सोव्हिएत डॉक्टर इलिझारोव्ह यांची. अपघातात किंवा पोलिओने पाय आखूड झालेल्यांना त्याने उभं केलं. तीच रीत २०१६ मध्ये हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याने फक्त उंचीसाठी वापरली, आणि घरच्यांना कळलं तेव्हा दोन्ही पायांवर शस्त्रक्रिया झालेली होती. या गोष्टीवर माझं मत अजून डळमळतं. मुलगा सज्ञान, डॉक्टर खरा, रुग्णालय मोठं. माझ्या वरच्या रेघेत सगळं बसतं. तरीही महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवणारं, पुढे चालण्यावर परिणाम करू शकणारं काम धडधाकट पायांवर करायचं, तेही कुणी काही विचारल्याशिवाय? अशा ठिकाणी निदान मुदत हवी: पहिल्या भेटीनंतर काही आठवडे शस्त्रक्रिया करता येणार नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्या डॉक्टरचं मत. लग्न ठरवायला आपण जेवढे दिवस घेतो, तेवढे तरी.

सरसकट बंदीचं काय होतं, हे कोरियात दिसलं. दक्षिण कोरियात १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टॅटू काढणं हे वैद्यकीय काम ठरलं, म्हणजे डॉक्टरनेच काढायचं. डॉक्टर कशाला काढतील? तीस वर्षं तो धंदा पाटी न लावता चालला. गिऱ्हाइकाला जंतुसंसर्ग झाला तरी तक्रार कुठे करणार, आणि टॅटूवाल्याला गिऱ्हाइकाने धमकावलं तरी तो कुणाकडे जाणार. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने परवान्याचा कायदा केला. उलट बाजूने, नितंबात चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एक इतकं निघालं तेव्हा ब्रिटनच्या सौंदर्यशल्यविशारदांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्याच सदस्यांना थांबायला सांगितलं. पुढे चरबी स्नायूत न जाता वरच्या थरातच जाते आहे हे सोनोग्राफीवर बघत करायची, या अटीवर वाट मोकळी केली. आपल्याकडेही एक जुना नमुना आहे. वाईजवळच्या बावधनच्या बगाडात पूर्वी बगाड्याच्या पाठीत गळ टोचत. आता त्याला बांधतात. बगाड दर रंगपंचमीला निघतंच, गर्दी तेवढीच.

वयाच्या बाबतीत मात्र मी बंदीच्या बाजूचा आहे, आडपडदा न ठेवता. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर देणं गुन्हा ठरवलं. चीनने जून २०२२ मध्ये अल्पवयीनांना टॅटू काढण्यावर बंदी घातली. आपल्या कलमातही संमतीचं वय १८ च आहे. पण कॉलेज रोडवर अकरावीतल्या मुलाला आधार कार्ड विचारणारा टॅटूवाला दाखवा. सोळाव्या वर्षी छातीवर कोरलेलं नाव विसाव्या वर्षी नको असतं. भरतीचं वय साडेसतराला सुरू होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

आणि शाई. सगळी चर्चा सुईची होते, शाईकडे कुणी बघत नाही. कर्नाटक सरकारने शाईचे नमुने तपासले तेव्हा आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम धरून २२ जड धातू सापडल्याचं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं. त्वचेखाली कायमची राहणारी ही वस्तू धड औषधाच्या कायद्यात नाही, धड प्रसाधनाच्या. आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी केंद्राने यासाठी नियम करावेत अशी भूमिका घेतली. युरोपने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले आणि वर्षभराने एक निळा आणि एक हिरवा रंगही त्यात आला. कलाकारांनी आरडाओरडा केला. टॅटू काही बंद पडले नाहीत, शाया बदलल्या. बेंगळूर-दिल्लीच्या फाइली हलतील तेव्हा हलतील. तोवर बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी ठरवलंच आहे, त्यांना रोखण्याचा माझा इरादा नाही. पण दुकानात शिरल्यावर लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतली जाते का, आणि उरलेली परत बाटलीत जात नाही ना, ते बघा. शस्त्रक्रिया असेल तर कर्नाटकात प्रत्येक खासगी दवाखान्याला केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर शोधा आणि त्यावर नेमकं कशाची परवानगी आहे ते वाचा. स्किन क्लिनिकची नोंदणी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे. करणाऱ्याची पदवी विचारा, नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हे उत्तर घेऊ नका. भूल कोण देणार आणि रात्री काही झालं तर कुठल्या अतिदक्षता विभागात नेणार, हे दोन प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर पैसे भरण्याआधीच उठा. आणि घरात एकाला तरी सांगून जा. रागावतील, पण निदान कुठे शोधायचं ते कळेल.

अजून एक. टॅटू काढल्यावर किंवा अंग टोचून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. शिवजयंतीला मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनी महाराजांचा टॅटू कधी काढायचा याचा हिशेब आधीच करावा. शिबिरातल्या फॉर्मवर तो प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर खरं द्यायचं असतं.